न वाजलेलं पिस्तूल

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून एकदाही बाहेर पडलेली नाही. माझ्या बायकोला, शालनला ठाऊक नाही, पोराला नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी कळायला हवी होती त्याला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण बघा — सुरुवातीलाच जीभ जड झाली.

पिस्तुलापासून सुरू करतो. त्याच्याबद्दल मी कितीही वेळ बोलू शकतो. आजवर तेच केलं.

मी फौजेतून सुभेदार होऊन परत आलो. घर मलकापूरला, कराडला अगदी लागून. शेत नदीकडेला, सगळा ऊस. घरी येऊन काही वर्षं झाली आणि आमच्या पलटणीचा मोठा वर्धापनाचा सोहळा झाला. त्या निमित्तानं मोजकी पिस्तुलं खास घडवून घेतली होती. बत्तीस बोअरची, पण साधी नव्हेत. स्लाइडवर, म्हणजे वरच्या सरकत्या भागावर, सोनेरी रेघेत पलटणीचं चिन्ह कोरलेलं. मुठीला शिसवी लाकूड. आणि सगळं निळ्या मखमलीच्या पेटीत. ज्यांच्याकडे परवाना होता अशा जुन्या माणसांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. माझी निघाली.

तुम्ही कधी वर्दी उतरवून घरी आला आहात का? काल तुम्ही चालत गेलात की माणसं उभी राहत होती; आज तुम्ही सोसायटीच्या खतासाठी रांगेत उभे. कुणी वाईट वागत नाही. फक्त कुणी बघत नाही. पण ती पेटी टीपॉयवर ठेवून उघडली की बघायचे. पाहुणे, भावकी, बँकेचे साहेब — सगळे वाकून बघायचे, आणि आवाज आपोआप खाली यायचा. मला ते आवडायचं. खूप आवडायचं.

अशा पिस्तुलाचं मोल ते न वाजण्यात असतं. एकदा काडतूस आत सरकलं की पितळ घासतं आणि नळीच्या मागच्या तोंडाशी, जिथून ते आत शिरतं तिथं, बारीक रेघ पडते. जाणकाराला ती दिसते. मग ते आठवण राहत नाही, वापरलेलं हत्यार होतं. त्यामुळे मी ते एकदाही वाजवलं नव्हतं.

बिराला हे पटायचं नाही.

बिरा माण तालुक्यातला, धनगराचा. आम्ही एकाच दिवशी भरती झालो. मी पुढं चढत गेलो, तो पलटणीचा आर्मरर झाला — कोतात, म्हणजे हत्यारांच्या कोठारात बसून बंदुका खोलणं, दुरुस्त करणं, जोडणं. डोंगरातल्या चौक्यांवर आम्ही ज्या हत्यारांच्या भरवशावर झोपायचो ती त्याच्या हातून आलेली असायची. तो एकच बढाई मारायचा, आणि ती खरी होती: "माझ्या हातनं गेलेलं हत्यार दगा देत न्हाई." निवृत्तीनंतर तो माझ्याच ओढीनं मलकापूरला आला. हायवेच्या सर्व्हिस रोडला त्यानं एक गाळा घेतला. फवारणीचे पंप, शिलाई मशिनी, कुलपं — काय बिघडेल ते त्याच्याकडे. मला 'संपा' म्हणणारा तो आता एकटाच उरलाय.

दर रविवारी तो यायचा. मी पेटी उघडायचो. तो पिस्तूल खोलायचा, पुसायचा, तेलाचं बोट फिरवायचा, जोडून माझ्या हातात द्यायचा आणि भांडण सुरू करायचा.

"एकदा सांगलीला रेंजवर नेऊन वाजव की रं. न वाजवलेल्या हत्याराचा भरवसा काय?"

मी म्हणायचो, हे वाजवायसाठी नाही, ही पलटणीची आठवण आहे.

"आठवण फोटूत ठेव. लोकर कातरायची न्हाई तर मेंढरू पाळतूस कशाला?"

शालन चहा घेऊन यायची आणि म्हणायची, "आवं, त्या पिस्तुलापेक्षा तुमीच जास्त वाजताय." आम्ही हसायचो. असे किती रविवार गेले असतील.

आता पुढचं.

साखर कारखान्याच्या हंगामात माझ्या रानात तोड चालू होती. शेवटचा पट्टा उभा राहिला होता आणि तोडणारी माणसं ओरडत बाहेर आली — आत बिबट्याची पिल्लं आहेत. आमच्या भागाला हे नवं नाही. मादी उसातच विते, उसातच वाढवते. वन खात्याला कळवलं. त्यांचा निरोप आला की सकाळी येतो, तोवर कुणाला जवळ जाऊ देऊ नका. पण बघ्यांना कोण आवरणार? दुपारपासून गर्दी. भावकीतल्या एकानं सगळ्यांदेखत म्हटलं, "सुभेदार, तुमच्याकडं पिस्तूल हाय न्हवं? घेऊन या की."

मी घरी गेलो. पेटी उघडली. मॅगझिनमध्ये काडतुसं भरली, मॅगझिन पिस्तुलात बसवलं. कमरेला होल्स्टर लावलं. नळीत काडतूस घेतलं नाही. त्याची गरज काय — मी ते वाजवायला नेतच नव्हतो. लोकांनी बघावं म्हणून नेत होतो. हे मी आज म्हणतोय. तेव्हा मी स्वतःला म्हणालो, खबरदारी.

दिवस कलला होता. गर्दी आम्ही मागं रेटली होती. बिरा आणि मी पाटाच्या कडेनं पट्ट्यापर्यंत एक फेरी मारून येऊ म्हणून निघालो. तो पुढं, हातात काठी. मी मागं. उसातून एक पिल्लू पाटावर आलं, एवढंसं, मांजराएवढं. बिरा जागच्या जागी थांबला. हात मागं करून त्यानं मला खूण केली — मागं सर. आम्ही दोघंही मागं सरायला लागलो.

मादी बाजूनं आली. आवाज नाही, काही नाही. मला पाचटाची सळसळसुद्धा ऐकू आली नाही. बिरा आडवा पडलेला दिसला तेव्हा कळलं. त्यानं गळ्यावर डावा हात घेतला होता आणि तो हात तिच्या जबड्यात होता.

पिस्तूल माझ्या हातात होतं. ते मी कधी काढलं मला आठवत नाही. इतकी वर्षं फौजेत काढल्यावर हात आपोआप चालतात. डावा हात स्लाइडवर गेला. आता काय करायचं होतं? तिला मारायचंही नव्हतं. स्लाइड मागं ओढून सोडायची, म्हणजे काडतूस नळीत जातं, आणि हवेत एक बार काढायचा. बस. आवाजानं ती गेली असती. एवढंच काम होतं.

"संपा, बार काढ! बार काढ रं!"

मावळतीचं ऊन त्या सोनेरी चिन्हावर पडलं होतं. माझी बोटं त्याच्यावरच होती. आणि — हे सांगताना मला उठून एकदा बाहेर जाऊन यावं लागलं — मला आठवली ती रेघ. पितळेची रेघ. वाटलं, आता ती पडणार. वाटलं, लोक डबे घेऊन पळत येतायत, आवाज ऐकू येतोय, येतीलच ते.

मी स्लाइड ओढली नाही.

किती वेळ? मला नाही सांगता येणार. बिरानं आणखी एकदा माझं नाव घेतलं, तिसऱ्यांदा नुसता ओरडला. मग तोडणारी माणसं पत्र्याचे डबे बडवत, बोंबलत आली. मादीनं त्याला सोडलं आणि ती उसात शिरली.

तुम्ही म्हणाल, घाबरला असशील, माणूस थिजतो. नाही. मी याआधी गोळ्या चालत असताना उभा राहिलोय, थिजणं कसं असतं ते मला माहीत आहे. त्या संध्याकाळी माझं डोकं स्वच्छ चालू होतं. मी विचार केला आणि ओढायची नाही असं ठरवलं. घाबरलो असतो तर हे कुणालाही सांगता आलं असतं.

जीपमध्ये त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. हाताला घरावरून जाताना शालननं दिलेली साडी गुंडाळली होती, ती भिजून काळी झाली होती. कराडच्या दवाखान्याच्या वाटेवर त्यानं डोळे उघडले.

"वाजलं का न्हाई रं?"

सगळ्यांनी माझ्या हातात पिस्तूल पाहिलं होतं. ड्रायव्हर ऐकत होता. मी म्हणालो, "चाप ओढला बिरा. वाजलंच नाही."

इथं थांबलो असतो तर? तर ते एक खोटं राहिलं असतं, माणसं बोलतात तसलं. पण मी थांबलो नाही. तो माझ्याकडे बघत होता, आर्मररच्या नजरेनं, बिघाड शोधत — आणि मला वाटलं आता हा काहीतरी विचारणार. म्हणून मीच बोललो.

"परवा तेल जास्त झालं होतं का रे?"

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं शुद्ध गेली. मग म्हणाला, "झालं आसंल. ठोक्याच्या पिनला गेलं आसंल, घट्ट झालं आसंल... चुकलो गड्या. तुलाबी मारलं आसतं म्या."

रक्तानं भरलेला माणूस माझी माफी मागत होता, आणि मी त्याच्या कपाळावरचा घाम पुसत होतो.

दुसऱ्या दिवशी तो शुद्धीवर होता, हात वाचला होता. वाचला म्हणजे जागेवर राहिला. बोटं मिटत नाहीत अजून. पहिलं काय बोलला असेल?

"ते काडतूस ठिवलंयस न्हवं? न वाजलेलं? मला त्येच्या बुडाची टोपी बगायचीय. पिनचा ठोका कितपत बसलाय त्यावरनं कळंल."

मी म्हणालो, उसात पडलं, शोधतो. घरी आलो. एकही काडतूस कमी झालेलं नव्हतं — होणार कसं? मी एक काढलं, खिशात घातलं, कराडला संगमावर गेलो आणि घाटाच्या पायऱ्यांवर उभा राहून पाण्यात टाकलं. लोक आंघोळी करत होते. एका म्हातारीनं मला पैसे सोडणारा समजून नदीला हात जोडले. मी पण जोडले. काय करणार?

दवाखान्यात येऊन सांगितलं, सापडलं नाही. तो म्हणाला, मग पिस्तूलच आण, खोलून बघतो, एका हातानं जमेल. मी आज आणतो, उद्या आणतो करत राहिलो. बिराची बायको मला पायरीवर भेटायची आणि म्हणायची, "भावजी, तुमी मनाला लावून घेऊ नगा. तुमचं काय चुकलं न्हाई." मी मान खाली घालायचो. तिला ते दुःख वाटायचं.

हळूहळू त्यानं पिस्तूल मागणं सोडलं. घरी आला, बरा झाला. त्याच्या पोरानं गाळ्यात टेबलाला शिकंजा बसवून दिला, वस्तू त्यात धरली की एका हातानं काम करता यावं म्हणून. जमतही होतं, मी बघितलंय. काही दिवस बसला. मग एका सकाळी शटर उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी विचारायला गेलो तर तो अंगणात बाजेवर बसला होता.

"हात गेला त्येचं काय न्हाई संपा," तो म्हणाला. "हाताचा भरवसा गेला. उद्या कुनाच्या पंपात काय राह्यलं, आन् औषध तोंडावर उडालं तर?"

सांगायची वेळ तीच होती. अंगणात आम्ही दोघंच होतो. त्याच्या आयुष्यातली एकच बढाई मी त्याच्याकडून काढून घेतली होती आणि ती परत देणं माझ्या एका वाक्यावर होतं. मी म्हणालो, "आराम कर थोडे दिवस."

त्यानंतर ती पेटी मला घरात नकोशी झाली. उघडत नव्हतो, कुणाला दाखवत नव्हतो. शेवटी विकायचं ठरवलं. सांगलीचे चौगुले म्हणून एक गृहस्थ आहेत, हळदीचे व्यापारी, जैन. त्यांना अशा खास पिस्तुलांचा नाद. कायद्यानं दोनच हत्यारं बाळगता येतात, त्यामुळे फार पारखून घेणारा माणूस. फोनवरच हसून म्हणाले, "आमच्यात जीव मारत नाहीत, सुभेदारसाहेब. मी न वाजलेलंच घेतो आणि न वाजवताच ठेवतो. वाजवायचं तर साधं पिस्तूल काय वाईट आहे?" बिरा असता तर भांडला असता, असं मला वाटलं.

चौगुले पिस्तूल बघायला घरी आले, आणि त्याच वेळी बिरा आला. बोलावलं नव्हतं. रविवार होता, जुन्या सवयीनं दुपारी चहाला आला आणि चौगुल्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसला. डावा हात मांडीवर ठेवलेला.

चौगुल्यांनी पेटी उघडली. रुमालानं पिस्तूल उचललं, मॅगझिन काढून बाजूला ठेवलं, आणि विचारलं, "एकदाही वाजवलेलं नाही ना? काही दोष?"

साधा प्रश्न. दोष नाही म्हटलं तर बिरा ऐकतोय. आहे म्हटलं तर समोरचा उठून जाईल. मी चहाची कपबशी त्यांच्यापुढं सरकवली. शालन दारात थांबली होती.

बिरा बोलला. खुर्चीत जरा पुढं सरकून, साहेबापुढं बोलतात तसं. "साहेब, एकदा चाप ओढलाय, वाजलं न्हाई. पर पिस्तुलात खोट न्हाई. म्या तेल जादा घातलं व्हतं. दोष माझ्या हाताचा. सुभेदारांचं हत्यार चोख हाय, बिनघोर घ्या."

चौगुल्यांनी त्याच्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग खिशातून छोटी बॅटरी काढून त्यांनी स्लाइड मागं घेतली आणि आत उजेड टाकला. बराच वेळ बघत राहिले. जाणकार माणूस. त्यांच्या कपाळावर आठी आली.

"पण चाप ओढला म्हणता, तर काडतूस आत गेलं असणार," ते म्हणाले. "इथं तर तशी..."

"चहा निवतोय," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो.

त्यांना कळलं नाही, किंवा कळलं. ते बिराकडे वळले आणि पिस्तूल त्याच्यापुढं धरलं. "तुम्ही आर्मरर होतात ना? तुम्हीच बघा."

त्याच्या आणि खऱ्यामध्ये तेवढंच अंतर होतं, हात लांब करण्याइतकं. त्यानं ते नुसतं उजेडात धरलं असतं तरी एका नजरेत सगळं कळलं असतं.

बिरानं चांगला हात मागं घेतला. "नगं साहेब. म्या आता हत्याराला हात लावत न्हाई."

आणि मला हायसं वाटलं.

माझा कबुलीजबाब हाच आहे. उसातलं ते थांबणं, जीपमधलं खोटं, नदीतलं काडतूस — त्या सगळ्याबद्दल मी स्वतःला काहीबाही समजावू शकलो होतो. पण मित्र माझ्यासमोर, माझ्याच खोट्याच्या ओझ्यानं आपला हात मागं घेतो, आणि माझ्या छातीतून सुटकेचा श्वास निघतो — याला मी काय नाव देऊ? तो श्वास मी ऐकला. बाकी कुणी ऐकला का, माहीत नाही.

चौगुल्यांनी पिस्तूल पेटीत ठेवलं. जाताना गाडीपाशी हळू आवाजात एवढंच म्हणाले, "ह्याच्या नळीत कधी काडतूस गेलेलंच नाही, सुभेदार." मी त्यांच्या गाडीचं दार लावून दिलं. सरकारी सोपस्कार पुरे झाल्यावर ते घेऊन गेले. आता ते सांगलीत काचेच्या कपाटात आहे, असं त्यांनी फोनवर सांगितलं. एकही रेघ नाही.

बिरा अजून येतो. रविवारी. पिस्तुलाबद्दल बोलत नाही. पाऊसपाणी, पोरांच्या नोकऱ्या, गुडघे. डाव्या हाताची बाही खाली ओढायला त्याला दात लावावे लागतात.

गेल्या रविवारी आम्ही ओट्यावर बसलो होतो. पलीकडच्या गल्लीतली एक बाई आली, कडेवर मूल घ्यावं तशी शिलाई मशीन धरून. ब्लाउज शिवून घर चालवते ती. मशीन अडकली होती, कराडच्या दुकानदारानं आठवडा सांगितला होता, आणि कुणीतरी तिला सांगितलं होतं की बिराअण्णाच्या हातात जादू आहे.

त्यानं मशिनीकडे बघितलं. मी त्याच्या उजव्या हाताची बोटं बघितली. मांडीवर ती हलायला लागली होती, आपोआप, जणू झाकण खोलतायत. मग ती थांबली.

"माज्या हाताचा नेम न्हाई बाई," तो म्हणाला. "पायजेल तर सुभेदारांना इचार. त्यास्नी ठावं हाय."

ती माझ्याकडे वळली. दोघंही माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "दुसरीकडं दाखवा."

बिरानं मान हलवली, बरोबर बोललास अशा अर्थानं. बाई मशीन सावरत गेली. आणि आम्ही चहा प्यायलो.